तीन तास दहा मिनिटं

आमच्या छापखान्यात प्रूफं तपासायला अनुस्वारकाका होते. दोनशे पानांत एक टिंब गळलं तरी त्यांना दिसायचं, म्हणून हे नाव. एका डॉक्टरांच्या पत्रकात 'चिंता नको'चं 'चिता नको' झालं होतं, ते त्यांनीच ऐन वेळी पकडलं. बाबा गेले, छापखाना माझ्या गळ्यात पडला आणि मला सुधारणा करायची खाज सुटली.

कुठल्याशा व्हिडिओत बघून मी सगळ्यांच्या मोबाइलवर ऑनलाइन घड्याळ टाकलं. कामाला बसलं की हिरवं बटण दाबायचं, थांबलं की लाल. शुक्रवारी प्रत्येकाचा तक्ता माझ्या स्क्रीनवर हजर!

"जमेल ना काका?" मी विचारलं.

"अगं, टिंबं सापडतात, बटण नाही सापडणार?"

महिन्याभराने मी तक्ते उघडले. डिझाइनवाली रोज आठ तास, बाइंडर साडेआठ. काका तीन तास दहा मिनिटं. माझं डोकंच फिरलं. बरं, आत बोलावून विचारावं, तर तेही नाही. भर कामात, सगळ्यांसमोर स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"काका, दिवसाला तीन तास? बाकीचा वेळ काय माशा मारता?"

काका चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "एवढंच भरतं होय? मलाही ठाऊक नव्हतं." दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्यानंतरही नाहीत. आणि मी काय म्हटलं? गेले तर गेले, एवढी मिजास कशाला! जीभ झडायला हवी होती माझी.

पंधरा दिवसांनी डिझाइनवाली माझ्या टेबलाशी आली.

"ताई, रागावू नका. आम्ही सगळे सकाळी हिरवं दाबतो ते घरी निघताना लाल. जेवण, चहा, गप्पा, सगळं त्यातच. काका मात्र पाणी प्यायला उठले तरी लाल. मान वर केली तरी लाल. एकदा मी विचारलं, आत्ता का थांबवलंत? तर म्हणाले, आमची ही आठवली गं मध्येच, ते काय काम झालं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच उठले आणि त्यांच्या घरी गेले. दार सुनेने उघडलं. काका खाटेवर बसले होते, मांडीवर पेपर, हातात पेन्सिल. मला बघून त्यांनी आधी बसायला जागा केली.

"चुकलं माझं काका," मी म्हटलं. "सगळ्यांचं खोटं होतं, तुमचंच खरं होतं. ते घड्याळ मी आजच काढून टाकते. चला ना परत."

"त्या घड्याळावर कशाला राग? मी दाबलं तेवढंच त्याने दाखवलं." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "पण तू फ्रॉकमध्ये होतीस तेव्हापासून मला काका म्हणतेस. तीन तास बघून तुला वाटलं, काका कामचुकार आहेत. काकांना बरं नाही की काय, असं का नाही गं वाटलं?"

खरंच नव्हतं वाटलं.