आधी मावशी आत जाते

आमच्या उन्हाळी संशोधन कार्यक्रमाचा दिवस एका बंद दारासमोर सुरू व्हायचा. आम्ही सगळी मुलं कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी असायचो. मावशी कुलूप काढायची, एकटीच आत जायची आणि दार लावून घ्यायची. दाराच्या काचेतून दिसायचं, ती खिडक्या उघडतेय, टेबलांमधून सावकाश फिरतेय, मान वर करून हवेचा वास घेतेय. मग कोपऱ्यातल्या बर्नरपाशी जाऊन ती लायटर दाबायची. निळी ज्योत पेटली की हात हलवून म्हणायची, "या आता." तोपर्यंत आत पाऊल टाकायची परवानगी कुणालाच नव्हती, अगदी विभागप्रमुख सरांनाही नाही.

ती माझी खरी मावशी, आईची थोरली बहीण. बाकीच्यांची नोकरीपुरती. विद्यापीठाच्या रसायन विभागात काचेची भांडी धुणं, बाटल्या जागच्या जागी लावणं, गॅसच्या नळ्यांवर लक्ष ठेवणं हे तिचं काम. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. कार्यक्रमासाठी निवड झाल्यावर उन्हाळाभर तिच्याकडेच राहायला आले. निवड माझ्या गुणांवर झाली होती, पण हे मी तिथे इतक्यांदा सांगितलं की कुणाचा विश्वासच बसेना.

विभागात मावशीच्या नाकाचा फार दबदबा होता. खूप वर्षांपूर्वी एकदा तिला जिन्यातच गॅसचा वास आला आणि तिने अख्खा मजला रिकामा करायला लावला. खरोखरच गळती होती. पुढे भिंतीवरचं गॅस ओळखणारं यंत्र बिघडलं, तेव्हा सर म्हणाले, "राहू दे, मावशी आहेत ना." ते यंत्र दुरुस्त झालंच नाही. आम्ही त्याच्यावर आमचे ॲप्रन अडकवायचो. हा किस्सा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी पोट धरून हसले होते.

मग एका संध्याकाळी मी घरी आले, तर जिन्यातच करपल्याचा वास. आत मावशी शेगडीकडे पाठ करून निवांत भाजी निवडत होती. मागे दुधाचं पातेलं काळंठिक्कर पडलेलं. मी धावत जाऊन शेगडी बंद केली. ती दचकली, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग नाकाला पदर लावून म्हणाली, "अगंबाई, केवढा वास."

पदर लावायला तिला झालेला उशीर माझ्या नजरेतून सुटला नाही. एकेक आठवायला लागलं. शिळी भाजी ती आधी माझ्यापुढे धरायची, "बघ गं, बरी आहे ना?" मला वाटायचं, माझं मत विचारतेय. मी शेफारून मतं द्यायचे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"मावशी."

ती खुर्चीत बसली. "मागे मोठा ताप आला होता ना, तेव्हापासून. डॉक्टर म्हणाले, वास येईल परत हळूहळू. नाही आला."

"मग रोज सकाळी आत काय करतेस?"

"हाताने बघते. गॅसच्या नळ्यांची एकेक चावी चाचपून बघते. त्याआधी खिडक्या उघडते सगळ्या. काही होत नाही."

"सरांना सांग."

"सांगते हं. आणि मग ते काय मला शोभेला ठेवतील?" तिचा आवाज चढला. "या नाकाशिवाय माझ्याकडे आहे काय? भांडी कुणीही धुतं. निवृत्तीला थोडे दिवस राहिलेत, ते नीट जाऊ देत. तू कुणाजवळ बोललीस तर मला भाची नाही असं समजेन."

माझी मावशी माझ्याशी कधी अशी बोलली नव्हती. मी तोंडाला कुलूप लावलं. खिडक्या उघडते म्हणाली, त्यावर मी स्वतःची समजूत घातली.

शुक्रवारी दुपारी आम्हाला नोकरीच्या मुलाखतींची तयारी शिकवायला एक मॅडम यायच्या. घरी कुणाला तरी समोर बसवून सराव करा, असं त्यांनी सांगितलं. मावशीचा अबोला मोडावा म्हणून मी तिलाच उमेदवार केलं. तिनेही पदर सावरून, पाठ ताठ करून छान अभिनय केला.

"आपली सगळ्यात मोठी जमेची बाजू?"

"वेळेवर येते."

"आणि कमजोरी?"

ती हसली नाही. "ती मुलाखतीत सांगायची नसते बाळा."

मॅडम तर म्हणाल्या होत्या की कमजोरी प्रामाणिकपणे सांगा, समोरच्याचा विश्वास वाढतो. मॅडमची नोकरी पक्की होती. मी वही मिटली.

समारोपाला बाहेरचे पाहुणे येणार म्हणून शेवटच्या आठवड्यात प्रयोगशाळेत एसी बसवले. टेबलं सरकवली, नळ्या ओढून लांबवल्या आणि खिडक्या कायमच्या बंद केल्या. मावशी सरांकडे गेली. "एखादी तरी उघडी राहू द्या ना, सर."

"अहो, गारवा टिकायचा कसा? आणि तुम्ही आहात की."

मावशी मान हलवून परत आली. त्या संध्याकाळी ती जेवली नाही, लवकर झोपते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पीएचडी करणाऱ्या ताईबरोबर मी बीकर धूत होते. सहज विचारलं, "सगळ्यांनी बाहेर थांबायचा हा नियम सरांचा का?"

"छे, मावशींचाच. आधी नव्हता. आम्ही त्यांच्या मागोमाग आत घुसायचो, त्या वास घेत पुढे आणि आम्ही कलकलाट करत मागे. मग त्या आजारी पडल्या. परत आल्या आणि एकदम शिस्त लावली. आम्ही हसण्यावारी नेलं."

माझ्या हातातला बीकर तसाच राहिला. चावी बंद आहे की उघडी, हे हाताला कळतं. नळीला चीर गेली असेल, तर ते हाताला कळत नाही. ते तिला लायटर दाबल्यावरच कळणार होतं, आणि तेव्हा तिला आमच्यापैकी कुणी आत नको होतं. रोज ती आमच्यादेखत हेच करत होती, आणि आम्ही बाहेर जांभया देत उभे होतो. तिने मला भाची मानलं नाही तरी चालेल, उद्या सकाळी सरांना सांगायचं असं मी ठरवलं.

सकाळी पाहुणे येणार म्हणून सरही लवकर आले होते. मी त्यांच्याकडे वळणार तेवढ्यात मावशीने कुलूप काढलं. दार उघडलं, कोंडलेली हवा बाहेर आली आणि तिच्याबरोबर कुजक्या कोबीसारखा गॅसचा वास आला. दाराजवळ मी एकटीच होते; मला आधी वाटलं, भीतीने भास होतोय. दार बंद झालं. काचेतून मावशी दिसत होती. मान वर करून, छाती भरून ती वास घेत होती. आमच्यासाठी. मग ती कोपऱ्याकडे निघाली आणि तिचा हात खिशात गेला.

मी दार ढकललं. "मावशी, लायटर काढू नकोस."

ती जागच्या जागी थांबली. माझ्यामागे दार सताड उघडं राहिलं आणि वास सगळ्यांपर्यंत पोचला. सरांनी रुमाल नाकाला लावला. ताई गॅसची मुख्य चावी बंद करायला खाली धावली. दारात उभ्या प्रत्येकाचा हात नाकावर होता, फक्त मावशीचा नव्हता. घरी ती जसा माझा चेहरा पाहायची, तसे तिने आमचे चेहरे एकेक करून पाहिले.

"खूप येतोय का गं?" तिने मला विचारलं.

"खूप."

मी तिचा हात धरून तिला बाहेर आणलं. सर तिच्याकडे बघतच राहिले होते.

"मला येत नाही, सर," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली."

सरांनी रुमालामागून काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पण त्यांची नजर भिंतीकडे गेली. गॅस ओळखणाऱ्या त्या बिघडलेल्या यंत्रावर आमचे ॲप्रन अडकवलेले होते.