बाईकाका

खिडक्यांच्या बिजागऱ्या बदलायला म्हणून तो बालवाडीत गेला, तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता. सुतारकी वडिलांकडून आलेली. आवड आहे का, असं कुणी विचारलं नव्हतं. दोन दिवसांचं काम. पण रंध्यातून निघणारे लाकडाचे कुरळे छिलके बघून पोरं भोवती गोळा झाली. महिनाभर तोंडातून शब्द न काढलेल्या एका मुलीनं एक छिलका कानावर अडकवला आणि विचारलं, "आता मी कोण?"

तो गडबडला. "तूच सांग बाई."

"मेंढी!"

मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या दारातच उभ्या होत्या. "आम्ही महिनाभर डोकं आपटतोय. तुम्ही काय केलंत?"

"मी कुठं काय केलं?" तो म्हणाला. ते खरंच होतं. पण बिजागऱ्या बसल्या तरी तो काहीबाही निमित्त काढून जात राहिला. शेवटी मोठ्या बाईच म्हणाल्या, "निमित्तं पुरे झाली. रीतसर शिकून या."

बायकोनं कपाळावर हात मारला. "लोकांना चाळिशी लागते, तुम्हाला बालवाडी लागली!"

तरी दोन वर्षं त्यानं संध्याकाळचे वर्ग केले, सव्वीस बायकांत एकटा पुरुष. मग तीन वर्षांच्या मुलांचा वर्ग त्याला मिळाला. शिकवते ती बाई आणि मिशा असतात तो काका, एवढं मुलांना ठाऊक होतं. त्यांनी त्याचं नाव ठेवलं बाईकाका.

सकाळ कधी होते, असं त्याला जन्मात पहिल्यांदा वाटू लागलं. एक पोरगा सगळ्यांना चावायचा. चावतो तो शब्द सापडत नाही म्हणून, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं त्याला एकच शब्द शिकवला: "माझं." चावणं थांबलं, वर्गातली प्रत्येक वस्तू मात्र त्याची झाली. कुणी शर्टाचं बटण लावत असेल, तर तो दहा दहा मिनिटं समोर बसून राही, बोट लावत नसे.

पाचव्या वर्षी एक नवी आई वर्ग बघायला आली. त्या वेळी तो चड्डी ओली झालेल्या एका मुलीला धुऊन कोरडी करत होता.  ती आई आपल्या मुलीचं नाव न घालताच निघून गेली. पण आठवड्याभरात फाटकाशी कुजबुज सुरू झाली.

मोठ्या बाईंनी त्याला बोलावलं. "तुमच्यावर कुणाचा संशय नाही हो. पण पालकांचं मन... यापुढे मुलांना उचलू नका. धुणं-पुसणं मावशी बघतील. दार उघडं ठेवा."

"बरं," तो म्हणाला.

त्यानं सगळं पाळलं. एकदा मेंढीवाल्या मुलीचा धाकटा भाऊ घसरगुंडीवरून पडला, ओठ फुटला. दोन्ही हात वर करून तो त्याच्याकडेच धावत आला. बाईकाका हात मागं बांधून उभा राहिला आणि मावशींना हाका मारत सुटला. मावशी मागच्या बाजूला भांडी घासत होत्या. त्यांना यायला वेळ लागला. तोवर पोरगं त्याच्या पायांशी बसून रडत होतं, आणि मग रडायचं थांबून नुसतं त्याच्याकडे बघत राहिलं.

वर्षाअखेर वर्गात सातच मुलं उरली. त्याची नेमणूक पुढं वाढली नाही. आणखी तीन बालवाड्यांत त्यानं विचारलं. तिन्हीकडे जागा नुकतीच भरली होती.

"भांडा ना!" बायको म्हणाली. एके काळी हसणारी तीच आता रडकुंडीला आली होती. "गप्प काय बसता?"

"कुणाशी भांडू? कुणी काही म्हणालंच नाही."

आता तो कपाटांच्या कारखान्यात जातो, आठ ते पाच. यंत्रांच्या आवाजात तिथं कुणी कुणाशी बोलत नाही. मध्यंतरी बालवाडीतून फोन आला होता, त्याची कागदपत्रं कपाटात तशीच पडली आहेत म्हणून. "येतो," म्हणाला. त्याला दीड वर्ष झालं.