दानेश्वरीची थाप

दानेश्वरी लई गुणाची पोरगी, असं सगळी गल्ली म्हणायची. त्या 'गुणाची'चा तिला अस्सा वीट आला होता!

तिची आई, म्हणजे अव्वा, सिद्धम्मा घरी कडक भाकऱ्या करून दुकानांना द्यायची. बाप गुरप्पा घरी आला आणि त्याचा आवाज चढला, की अव्वा लेकीला डोळ्यानं खुणावायची. मग पोरीनं परातीत भाकरी धडाधड थापायची, म्हणजे पाठीमागं अव्वाच्या अंगावर काय पडतंय ते शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये. शाळेत असल्यापासून तिचं हेच काम. मार खायचा आईनं, अब्रू राखायची लेकीनं, आणि मारणारा जेवायला बसणार पहिला. काय म्हणावं या घराला!

आता ती अकरावीला होती. त्या दिवशी कॉलेजात सर मागच्या बाकावरच्या मुलावर ओरडले, आणि पहिल्या बाकावरून ही उठून म्हणाली, "सॉरी सर." वर्ग फिदीफिदी हसला. तिला स्वतःचाच संताप आला. कुणी कुठंही आवाज चढवला तरी चूक आपलीच, हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं. आपल्याला आपलं काही मत, काही राग आहे, की आपण नुसते भाकरी थापणारे हात आहोत, तेच तिला कळेना.

संध्याकाळी आमटीत मीठ कमी पडलं. एवढं निमित्त गुरप्पाला पुरलं. अव्वानं खुणावलं. दानेश्वरीनं थापायला सुरुवात केली, आणि मधेच पिठाचे हात मांडीवर ठेवून बसली.

"थाप की गं!" अव्वा दबक्या आवाजात म्हणाली.

"न्हाय थापत."

पुढची चपराक गल्लीभर ऐकू गेली. गुरप्पाही दचकला. समोरच्या शरणम्मा काकू लगबगीनं दारात आल्या.

"काय न्हाय ओ, भांडं पडलं," अव्वा घाईनं म्हणाली.

"भांडं न्हाय. अप्पानं अव्वाला मारलं." दानेश्वरी म्हणाली.

"ते ठावं हाय की गं," काकू म्हणाल्या. "तू जोरात थापायला लागलीस की समद्या गल्लीला कळतं. आज मधीच थांबलीस, म्हनून जीव घाबरला, आले."

तळहात लाल होईस्तोवर आपण थापलं, ते मग कुणापासून लपवायला?

"ठावं हुतं, तर आधी का न्हाय आलात?" ती ओरडली.

काकू दारातून एक पाऊल मागं सरल्या. गाल चोळत अव्वाच म्हणाली, "मोठ्या माणसाशी असं बोलतात व्हय? माफी माग."

दानेश्वरीनं मागितली नाही.