तुकडा कुठं पाडायचा

आमच्या बोथ गावच्या फोटो स्टुडिओतला माणूस पेनड्राइव्ह हातात घेतला की आधी विचारायचा, "लावाचा कुठं हाये, भाऊ?" ट्रॅक्टरच्या टेपला, पोराच्या लॅपटॉपला की घरच्या टीव्हीला, ते कळल्याशिवाय तो फॉरमॅटच करायचा नाही.

ताईच्या लग्नात कॅमेरा त्याचाच होता. व्हिडिओ आणायला गेलो तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. माझ्या लॅपटॉपवर चालते अन् भाऊजींच्या मॅकवरही."

"अन् तुमची माय कशावर पाहीन?"

आमच्या जुन्या टीव्हीला फक्त फॅट थर्टीटू हा जुना फॉरमॅट कळायचा, आणि त्यात चार जीबीहून मोठी फाईल बसत नाही. त्यानं मला न विचारता लग्नाचे दोन तुकडे केले. मी चिडलो, "काऊन तोडलं?" "तोडाचं तं होतंच, भाऊ; कुठं, थे पाहून तोडलं," म्हणत त्यानं पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला.

आता ताई दूर असते. स्टुडिओच्या जागी मोबाईलचं दुकान आलंय. आई मात्र सणासुदीला अजून तोच पेनड्राइव्ह टीव्हीला लावते. पहिला तुकडा हसऱ्या पंगतीवर संपतो. दुसरा पाठवणीपासून सुरू होतो.

तो तिनं आजवर लावलेला नाही.