वहिदाभाभींनी काढलेला पोचा

आमच्या गारखेड्याच्या गल्लीत वहिदाभाभींइतकी हट्टी बाई दुसरी नाही, आणि हे मी कौतुकानं म्हणते. त्या घरी शाळेचे गणवेश शिवतात. कपड्यांचे गठ्ठे बघून रिक्षावाले नखरे करायचे, म्हणून पन्नाशी उलटल्यावर त्या गाडी शिकल्या. नवरा शौकतभाई एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. "जिंदगीत गाडीला ओरखडा पाडला नाय," हे त्यांचं पालुपद गल्लीतल्या पोरासोरांनाही पाठ. त्यांनी बायकोच्या हाती चावी दिली, पण अट घालून: पहिला पोचा पडला की चावी परत.

तो गेल्या महिन्यात पडला. शौकतभाई पैठणला बहिणीकडे गेले होते. भाजीबाजारात वळताना भाभींची गाडी एका हातगाडीला धडकली आणि पुढच्या दरवाजात वाटीएवढा खड्डा पडला. मी म्हटलं, "वर एखादं स्टिकर लावून टाका. सगळे तेच करतात."

"झाकायचं नाय मंजुषा, काढायचं," भाभी म्हणाल्या. "चावी गेली की माझं जाणं-येणं गेलं. मी परत कुणाच्या मिनतवाऱ्या करणार नाय."

डेंटरकडे जायची सोय नव्हती. गॅरेजवाले सगळे शौकतभाईंचे दोस्त. मग भाभींनी मोरी तुंबल्यावर वापरायचा माझा रबरी पंप मागून नेला. खड्ड्यावर गरम पाणी ओतायचं, पंप दाबून बसवायचा आणि ओढायचा. पंप सुटायचा, भाभी धडपडत मागं जायच्या आणि पुन्हा पाणी ओतायच्या. मला हसू आवरेना, त्यांना मात्र हसायला सवड नव्हती. शेवटी पत्रा टक्कन बाहेर आला, पण मधे थोडी खोली राहिलीच. "आता बास," मी म्हटलं. ऐकतील तर त्या वहिदाभाभी कसल्या! त्यांनी दाराचं आतलं प्लास्टिक खोललं, लाकडी डावाला फडकं गुंडाळलं आणि आतून हळूहळू पत्रा दाबत बसल्या. खोली कुठं उरलीय, ते मी बाहेरून सांगत होते.

दाबता दाबता त्या थांबल्या. "इथं अजून एक हाय."

मी बाहेरून हात फिरवला. गुळगुळीत. भाभींनी फ्रिजवरचं चुंबक आणून तिथं लावलं, तर ते चिकटेना, खालीच पडलं. म्हणजे खड्ड्यात पुट्टी भरून वर रंग मारलेला होता. गाडी कोरी घेतलेली, आणि भाभींच्या आधी ती शौकतभाईंशिवाय कुणी चालवलेली नव्हती. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. भाभी मात्र पुन्हा आपल्या पोच्याकडे वळल्या.

संध्याकाळी शौकतभाई आले तेव्हा दार तसंच उघडं होतं.

"मी पोचा पाडला होता," भाभींनी सांगितलं. "मीच काढला. बघा."

त्यांनी वाकून पाहिलं, तिरपं होऊन पाहिलं, बोटं फिरवली. काही सापडलं नाही. तरी हात पुढे केला. "ठरलं होतं. चावी दे."

भाभींनी तोच हात धरून दाराच्या आत नेला आणि जुन्या पोच्याच्या फुगवट्यावर ठेवला. शौकतभाईंचा चेहरा उतरला. हात बाहेर काढायचंही त्यांना सुचेना.

"सांगितलं असतं तर तू हसली असतीस," ते पुटपुटले.

"मी हसत नाय. एवढंच सांगा, हा पडला त्यानंतर तुम्ही गाडी चालवायची सोडली का?"

"नाय."

"मग मी पण नाय सोडणार," भाभी म्हणाल्या, आणि गणवेशांचे गठ्ठे मागच्या सीटवर ठेवायला लागल्या.