कासवाच्या पायाची चुकलेली रेघ

आधी बदलापूरच्या काकूंचं सांगतो, मग काय झालं ते. कारण काकू नसत्या तर हे लिहायला मी अंबरनाथला उरलोच नसतो, गाडीत बसून वाशीमकडे परत गेलो असतो. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये तयार माल तपासायचा आणि पास किंवा रिजेक्ट लिहायचं, हे काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. दाराशी रोज ठिपक्यांची रांगोळी काढतात. त्या रांगोळीमुळेच ओळख झाली.

मी नववी अर्धवट सोडून इकडे आलो. पहिली दोन वर्षं उल्हासनगर कॅम्प दोनला एका सिंधी सेठच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात होतो. सेठने दुकान बंद केलं तेव्हा जाताना एक जुना कॉम्प्युटर मला देऊन टाकला. "ले जा साईं, तेरे काम आएगा." मग मी अंबरनाथमधल्या मोरिवलीच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागलो, ठेकेदाराकडून. राहायला खोलीही ठेकेदाराचीच, सहा जणांत एक. नोकरी गेली की खोली गेली, हे पहिल्या दिवशीच सांगितलेलं.

त्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ बघून बघून मी एक छोटा प्रोग्राम बनवला. पडद्यावर ठिपके मांडायचे, रेघा जोडायच्या, कागदावर छापायचं. आईच्या वहीतल्या रांगोळ्यांचे फोटो बहिणीने पाठवले होते, त्या सगळ्या त्यात भरल्या. आईची वही माझ्याजवळ असावी, एवढंच. एक फुकटचं पान बनवून त्यावर फाइल ठेवली, ज्याला पाहिजे त्याने घ्यावी. खाली माझा फोन नंबर, छापलेल्या कागदावरही तोच.

त्या नंबरवर आलेला पहिला फोन काकूंचा; कुणाकडे तरी छापलेला कागद त्यांना दिसला होता.

"तुमचं ते सतरा ठिपक्यांचं कासव. मागच्या डाव्या पायाची रेघ एका ठिपक्याने सरकलीय."

वहीच्या त्या पानावर तेलाचा डाग होता, मी अंदाजाने रेघ ओढली होती. पण हे त्यांना कसं कळलं?

"अहो, पाय पोटात गेलाय त्याचा," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मी सुधारतो म्हणालो. तेवढीच ओळख.

दसरा जवळ आला. कारखान्यात त्या दिवशी मशीनची पूजा असते, गेटपाशी मोठी रांगोळी लागते. ऑफिसातल्या मॅडमना कुणीतरी माझ्या प्रोग्रामचं सांगितलं. पॅकिंगमधल्या माणसाला ऑफिसात बोलावणं येणं ही केवढी गोष्ट. मी पानाचा पत्ता लिहून दिला आणि दिवसभर बॉक्सवर टेप लावताना उगाच हसत होतो.

शुक्रवारी दुपारी सुपरवायझर लाइनवर आले. "चल. साहेब बोलवतायत."

ऑफिसात मॅनेजर साहेब, मॅडम आणि बाहेरून कॉम्प्युटर बघायला येणारा आयटीवाला. स्क्रीनवर ब्राउझरचं लालभडक पान. ही फाइल धोकादायक आहे, तुमच्या कॉम्प्युटरला इजा करू शकते.

"व्हायरस बनवतोस काय रे?" आयटीवाला म्हणाला.

"नाही साहेब, रांगोळी आहे ती."

"रांगोळी! मग ह्यांचा अँटीव्हायरस कुणी बंद केला?"

मॅडम मान खाली घालून म्हणाल्या, "त्याच्या पानावर तसंच लिहिलं होतं."

लिहिलं होतं, ते खरं. साहेबांनी फार आवाज चढवला नाही. म्हणाले, सोमवारी ठेकेदाराला बोलावतो, तोवर तू कामावर यायचं नाही. गेटवर पास काढून घेतला.

खोलीवर बसून मी कॉम्प्युटर उघडला. एका ब्राउझरवर लाल पान. दुसऱ्यावर लाल नाही, पण 'ही फाइल फारशी कुणी डाउनलोड करत नाही, टाकून द्या' असं. म्हणजे जास्त लोकांनी घेतली तर भरवसा, आणि भरवसा नाही म्हणून घेणार कोण? कुणाला फोन करावा तर नंबर नाही. फाइल पुन्हा तपासा म्हणून ब्राउझरवाल्यांना कळवायचा एक फॉर्म सापडला, तो इंग्रजीत. तो उघडायचा, बघायचा, बंद करायचा, असं किती वेळा केलं माहीत नाही. खोलीतला एक जण म्हणाला, "डिलीट मार ना भाई, झंझट खतम." पण डिलीट केली तर सोमवारी दाखवायला काय? ठेवली तर लाल पान तसंच. दोन्हीकडून मीच चोर.

त्यात संध्याकाळी आईचा फोन. बहिणीने कौतुकाने तिला माझं पान दाखवायला घेतलं, तर तिच्या मोबाइलवरही तेच.

"लाल लाल आलं बाप्पा सगळं. तू काय करून राह्यला तिकडं? वावगं तर नाही ना काही?"

"नाही आई. तुझ्या रांगोळ्या आहेत त्यात."

"मंग माह्या रांगोळीत धोका कायचा?"

नेटवर्क जातंय म्हणालो.

शनिवारी सकाळी मी काकूंना फोन लावला. दुसरं कुणी नव्हतंच. कधी भेटलो नाही, आणि फोन करून काय सांगायचं, तर तुमच्या कासवाचा मालक अडकलाय? अर्धं ऐकून त्या म्हणाल्या, "रडत सांगू नकोस, काही कळत नाहीये. बदलापूरला ये. जेवून नको येऊस."

त्यांनी आधी वरण-भात वाढला. मग लॅपटॉप उघडला आणि चष्मा पुसत म्हणाल्या, "आमच्याकडे ड्रम रिजेक्ट झाला की आधी विचारायचं, कुठली टेस्ट लावली? चल, तुझं सॅम्पल काढू."

एक साइट असते, तिथे फाइल दिली की बरेच अँटीव्हायरस एकाच वेळी तपासतात. त्यांना ती माहीत नव्हती, मला होती. पण स्वतःच्या फाइलवर ती चालवायची हिंमत मला झाली नव्हती, काय निघेल म्हणून. काकूंनी ती चालवायला लावली. लांबलचक यादी आली. चार लाल, बाकी सगळे हिरवे. त्या चारांनीही कुठल्या व्हायरसचं नाव दिलं नव्हतं, नुसतं संशयास्पद.

"म्हणजे चोर नाही म्हणत. चोरासारखा दिसतो म्हणतायत," काकू म्हणाल्या. "का दिसतो? तुझं पान उघड. पहिली ओळ मोठ्याने वाच."

मी वाचली. "सर्वात आधी अँटीव्हायरस बंद करा."

"पुढे?"

"झिप उघडा. पासवर्ड एक दोन तीन चार."

काकूंनी चष्मा काढून ठेवला. "अरे, 'कुत्रा बांधून ठेवा आणि दार उघडं ठेवा' असं लिहिलंयस की तू! वर पासवर्डही. हे शिकवलं कुणी?"

कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. सेठच्या दुकानात कुठलंही काम असंच सुरू व्हायचं. 'पहले वो बंद कर, फिर डाल.' नाहीतर मधेच अडायचं, गिऱ्हाईक खोळंबायचं. आणि मेलने फाइल पाठवायची तर पासवर्डवाली झिप, म्हणजे वाटेत कुणी उडवत नाही. दोन वर्षं रोज तेच. मला वाटायचं, जगात सगळे असंच करतात. हात धुऊन जेवायला बसावं तसं मी ते पहिल्या ओळीत लिहिलं होतं.

"तुझी चूक आहे," त्या म्हणाल्या. "पण ती ह्या पानावर आहे, फाइलमध्ये नाही. सोमवारी तुला हे दोन्ही वेगळं सांगता आलं पाहिजे."

दुपारभर आम्ही बसलो. ती ओळ काढली. पासवर्ड काढला, झिप काढली, उघडी फाइल ठेवली. तो इंग्रजी फॉर्म काकूंनी भरला. प्रत्येक वाक्य आधी मला मराठीत विचारायचं, मग लिहायचं. 'आपण ही फाइल का बनवली?' ह्या रकान्यापाशी मी अडलो. काकूंनी काय लिहिलं ते मी विचारलं नाही. निघताना मी तो पाय सुधारू का म्हणून कासव उघडलं, तर त्यांनी माझा हात धरला.

"आता फाइलला बोटही लावायचं नाही. सॅम्पल तपासायला गेलंय. बदललंस तर पहिल्यापासून."

सोमवारी काकू स्वतः आल्या. सुती साडी, खांद्याला लॅपटॉपची बॅग. वॉचमन सोडेना, तर तिथेच स्टुलावर बसल्या आणि आत निरोप पाठवला, शेजारच्या कंपनीतल्या निवृत्त क्वालिटीच्या मॅडम आल्यात म्हणून. साहेबांनी आत घेतलं. ठेकेदार अजून यायचा होता.

आयटीवाला म्हणाला, "मॅडम, ब्राउझर खोटं थोडंच सांगेल?"

"खोटं सांगत नाही. ओळखत नाही," काकू म्हणाल्या. "मलासुद्धा आत्ता तुमच्या वॉचमनने अडवलं. मी चोर होते का? पास नव्हता माझ्याकडे, एवढंच."

साहेब किंचित हसले. काकूंनी चाचणीची छापील यादी पुढे ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझं तू सांग."

मी सांगितलं. दुकानात काय शिकलो, ती ओळ का लिहिली, मॅडमनी ती वाचून जे केलं ते माझ्यामुळे. काकूंनी त्यांच्या लॅपटॉपवर, अँटीव्हायरस चालू ठेवून, प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर कासव आलं. साहेब वाकून बघत होते. "हे आमच्या आईचं..." असं काहीतरी म्हणाले आणि थांबले.

नोकरी राहिली. खोली राहिली. पण पास परत देताना एका कागदावर सही घेतली. ऑफिसच्या कुठल्याही कॉम्प्युटरला हात लावणार नाही, ऑफिसात पाय ठेवणार नाही. मॅडम आता समोरून आल्या तरी बघत नाहीत, त्यांनाही बोलणी बसलीच असणार. दसऱ्याला गेटपाशी कुणीतरी छापाची रांगोळी काढली. मी बॉक्स भरत होतो.

काही दिवसांनी त्या एका ब्राउझरवरचं लाल पान गेलं. फॉर्मला उत्तर आलं नाही, नुसतं गेलं. दुसरा अजून म्हणतो, ही फारशी कुणी घेत नाही. आणि आता मी त्या फाइलशी बांधलेला आहे. एक ठिपका हलवला तरी ब्राउझरच्या लेखी ती नवी, अनोळखी फाइल. पुन्हा संशय, पुन्हा फॉर्म, कदाचित पुन्हा लाल. बहिणीने आईच्या आणखी तीन रांगोळ्या पाठवल्यात, त्या तशाच पडून आहेत. स्वतःचं नाव लावून फाइल द्यायची सोय असते, मग ब्राउझर फाइलऐवजी नाव ओळखतो, पण तिला सर्टिफिकेट लागतं, ते दरवर्षी विकत घ्यायचं, ओळखीचे कागद द्यायचे. माझ्याकडे शाळेचा दाखलासुद्धा धड नाही.

काकू रोज त्यांच्या दाराशी पाय बरोबर काढतात आणि मला फोटो पाठवतात. "तुझ्या कासवाचा पाय अजून पोटातच का?" मी लिहितो, "हो काकू."

पण हे इथे लिहून ठेवतो. कागद जमवेन, दाखल्यासाठी गावच्या शाळेत जाईन, ते सर्टिफिकेट घेईन. आणि माझ्या नावाने जी पहिली फाइल बाहेर जाईल, तिच्यात दुसरं काही नवं नसलं तरी चालेल. सतरा ठिपक्यांच्या कासवाचा मागचा डावा पाय काकूंनी सांगितला तिथे असेल.