पोळ्याला रंगवलेली मोटारसायकल

नोकरीतले दरोडे विसरलो, खून विसरलो, पण एका जुन्या मोटारसायकलीचं प्रकरण काही केल्या डोक्यातून जात नाही. सांगायला बसलो की आमची बायको म्हणते, "झालं, निघाली तुमची फटफटी." निघू दे. ज्यांची ही हकिगत आहे त्यांची नावं मात्र मी सांगणार नाही.

मी तेव्हा धरणगावकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या हद्दीतल्या खेड्यातली एक मुलगी पोलीस भरतीत निवडली गेली होती. अशा उमेदवाराची चारित्र्य पडताळणी स्थानिक ठाण्याकडे येते. उमेदवारावर गुन्हा नाही असं आम्ही लिहून दिलं की नेमणूक होते, गुन्हा निघाला की सगळं लटकतं. तिचा कागद माझ्या टेबलावर आला आणि नेमका त्याच सकाळी ठाण्यात एक निनावी फोन आला. ठाणे अंमलदाराने बोलणं जसंच्या तसं टिपून घेतलं होतं. "जिला पोलीस करायला निघालात, तिच्या बुडाखालची गाडी चोरीची आहे. हँडलखालचा रंग खरवडा. चेसिस नंबर ग्राइंडरने घासून टाकलाय." नाव विचारल्यावर फोन बंद झाला. मोबाईल जळगाव बसस्थानकाबाहेरच्या एका टपरीवाल्याचा निघाला. कुणीतरी एक फोन करू द्या म्हणून मागून घेतला होता, चेहरा काही त्याला आठवेना.

गावात एखाद्याचं बरं झालं की दुसऱ्याच्या पोटात दुखतंच, त्यामुळे निनावी फोनचं आम्हाला नवल नव्हतं. पण पोलिसात येणाऱ्या पोरीबद्दल खबर होती. हवालदाराला घेऊन मी स्वतः गेलो.

गाडी ओट्यासमोर उभी होती. जुनी, पण काय ठेवली होती हो! सहा व्होल्टची जुनी वायरिंग काढून बारा व्होल्टची केलेली, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक, नवे शॉकअप, सायलेन्सरवर गंजाचा ठिपका नाही. बापाने ती तरुणपणी नवी घेतली होती. पोरगी धावण्याच्या सरावाला जळगावच्या मैदानावर जायला लागली तेव्हा तिच्या नावावर करून दिली. एवढ्या निगुतीने ठेवलेल्या गाडीला रंग मात्र भडक लाल, जाड ऑइलपेंटचा, आणि हँडलची टोकं सोनेरी.

"हे काय, आबा?" मी बापाला विचारलं.

"बैल इकी टाकात साहेब. मंग पोळाले काय रंगाडानं? आते हाऊच मना बैल."

बैल विकल्यापासून दर पोळ्याला तो गाडी धुवायचा, रंगवायचा, माळ घालून मारुतीच्या पारापर्यंत न्यायचा आणि घरी आणून पुरणपोळी दाखवायचा. गाव हसत होतं, त्याला फरक पडत नव्हता.

मी घरच्यांना फोनवरचं बोलणं वाचून दाखवलं. मग हवालदाराने थिनरचा बोळा घेऊन हँडलखालचा रंग उतरवला. थरावर थर होते. तळाशी लोखंड गुळगुळीत निघालं, त्यावर ग्राइंडरच्या रेषा. नंबर गायब. इंजिनाचा नंबर पाहिला, तोही कागदाशी जुळेना. जुन्या इंजिनाला तडा गेला म्हणून धुळ्याच्या भंगार बाजारातून दुसरं बसवलं, असं बापाचं म्हणणं. आरटीओत नोंद केली नव्हती. कागद आपल्या मोडक्या गाडीचे आणि सांगाडा चोरीचा, हा धंदा आम्ही कैक वेळा पकडला होता. माझ्या मनात गुन्ह्याचं कलमसुद्धा ठरून गेलं.

मुलगी ताठ उभी होती. "साहेब, गाडी आमचीच आहे. खुशाल तपासा," म्हणाली.

"मग नंबर कोणी घासला?"

"मला माहीत नाही." हे बोलताना तिने खाली पाहिलं. इतका वेळ डोळ्याला डोळा देणारी पोरगी एकाच प्रश्नाला खाली बघते म्हटल्यावर माझा संशय पक्का झाला.

पंचनामा करून गाडी ठाण्यात आणली. बाप आणि मुलगीही आली. मागोमाग एसटीने तिचा थोरला भाऊ आला आणि बाहेरच्या बाकावर बसला. भरतीसाठी धावून धावून त्याचं वय उलटून गेलं होतं, आता शेती बघायचा. चहा दिला तर घेतला नाही. संशयिताच्या नातेवाइकाची काळजी असेल, असं आम्ही धरून चाललो.

आधी बापाला आत घेतलं. नंबरचं विचारलं की आबा इंजिनाचंच सांगत बसायचा. शेवटी मी सांगितलं, "गाडी पोरीच्या नावावर आहे. गुन्हा तिच्यावर लागणार. नोकरी गेली समजा."

म्हातारा ताडकन उठला आणि हात जोडले. "गाडी मीच चोरेल शे साहेब. पोरले काहीच मालूम नही."

"कुठून चोरली?"

"धुळाहून."

"धुळ्यात कुठून?"

"बजारमाईन."

"कुलूप कसं तोडलं?"

तो उपरण्याचं टोक पिळायला लागला. "गाडीचा रंग कोणता होता?" विचारलं तर बराच विचार करून म्हणतो, "लाल."

मी कपाळाला हात लावला. अहो, चोर एकदा कबुलीवर आला की रंगात येतो, कुलूप कसं उघडलं ते बढाई मारून सांगतो. या माणसाला चोरी नीट सांगताही येत नव्हती. "आबा, तुम्ही कबूल झालात तरी पोरगी सुटत नाही," मी समजावलं. तरी हट्ट सोडेना. "मालेच आत टाका, आनी चौकशी बंद करा," एवढंच घोकत राहिला. तिथे मला खटकलं. चौकशी बंद व्हायला हवी, असं याला का वाटतंय?

मी ठाण्याच्या आवारात जाऊन गाडीपुढे उभा राहिलो. रंग इतका जाड होता की खाली नंबर आहे, बुजलाय की घासलाय, हे वरून कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण फोन करणाऱ्याने ग्राइंडरचं नावसुद्धा घेतलं होतं. म्हणजे त्याने ते लोखंड उघडं असताना पाहिलं होतं. आत जाऊन मी आबाला विचारलं, "पोळ्याच्या दिवशी रंग देताना जवळ कोण होतं?"

"ते नका इचारू साहेब," तो म्हणाला आणि उपरण्यात तोंड लपवून हमसून हमसून रडायला लागला. मी बाकावरच्या भावाला आत बोलावलं.

"ग्राइंडर कोणी चालवला?"

"मी," तो म्हणाला. "जुना रंग आणि गंज काढत होतो. नंबर गेला ते नंतर ध्यानात आलं. आबा म्हणे, राहू दे, आपली गाडी, आपल्याला कोण विचारतं?"

"आणि फोन?"

"तोही मीच केला," तो म्हणाला. "पहाटे उठवून तिला धावायला मी शिकवलं, साहेब. आता गाव मला पोलीसबाईचा भाऊ म्हणून हाक मारतं. वाटलं, एक वर्ष मागे राहील, बस. आबाला आत घ्याल असं नव्हतं वाटलं."

एक मुस्काटात द्यावी असं मनापासून वाटलं. पण त्याच्याकडे बघून कीवही आली.

लोखंडावर ठोकलेला आकडा वरून घासला तरी त्याचा दाब आत राहतो, प्रयोगशाळेत रसायन लावलं की पुन्हा उमटतो. अहवाल आला. उमटलेला नंबर आबाच्या मूळ कागदावरचाच होता. भंगारातल्या इंजिनाचीही चोरीची नोंद कुठे सापडली नाही. आरटीओत इंजिनाची नोंद करून घ्यायला लावली आणि पडताळणीच्या कागदावर गुन्हा नाही असं लिहून सही केली. खोटी खबर दिली म्हणून भावावर कारवाई करता आली असती. मी त्याला खडसावून घरी पाठवलं.

मुलगी गाडी न्यायला आली. फोन कोणी केला हे ती विचारणार, म्हणून खबर देणाऱ्याचं नाव सांगता येत नाही हे उत्तर मी तयार ठेवलं होतं. तिने सही केली, किल्ली घेतली आणि हळूच विचारलं, "साहेब, दादाचं नाव कुठे लिहिलं तर नाही ना?"

मी बघतच राहिलो. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"तुम्ही फोनवरचं बोलणं वाचलं तेव्हापासून. नंबर गेला तेव्हा आम्ही तिघंच होतो."

"अगं, मग बोलली का नाहीस? नोकरी जात होती तुझी!"

"नोकरीचं पुन्हा बघितलं असतं," ती म्हणाली. "दादाचं नाव एकदा ठाण्यात लागलं असतं तर तो गावात उभा राहिला नसता."

खोटं बोलणारा माणूस त्यातून काय मिळवतो ते आधी बघ, असं मला नोकरीच्या सुरुवातीला शिकवलं होतं आणि तेच मी आयुष्यभर वापरलं. या घरात बाप खोटं बोलला तो तुरुंगात जायला आणि पोरगी गप्प राहिली ती नोकरी घालवायला. त्यानंतर कुणाला समोर बसवलं की, तू कुणासाठी खोटं बोलतोयस, हेही मी मनात विचारायला लागलो.

"नाही लिहिलं," मी तिला सांगितलं. "आणि लिहिणारही नाही."

तिने टाचा जुळवून मला सॅल्यूट ठोकला. तिची नेमणूक अजून व्हायची होती. मी खुर्चीतून उठलो, टोपी घातली आणि तो सॅल्यूट घेतला.